आजी-आजोबांची ताकद आणि ताटातले वरण



"आता वय झालं, असंच चालायचं!" हे वाक्य आपल्या लोधीखेड्यात घरोघरी ऐकू येते. आजीच्या बांगड्या सैल झाल्या, आजोबांना उठताना भिंतीचा आधार लागू लागला, की आपण ते वयाच्या खात्यात टाकून मोकळे होतो. पण म्हातारपण येणे आणि शरीर खंगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हातारपण थांबवता येत नाही. खंगणे मात्र बऱ्याच वेळा थांबवता येते. म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे.

पाच खुणा

खंगण्याला डॉक्टर 'फ्रेल्टी' म्हणतात. अमेरिकेतील डॉ. लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५ वर्षांवरील ५,३१७ लोकांचा अभ्यास करून २००१ साली त्याच्या पाच खुणा सांगितल्या :

१) प्रयत्न न करता वर्षभरात साडेचार किलो किंवा जास्त वजन घटणे.
२) सतत थकवा वाटणे.
३) हाताची पकड ढिली होणे.
४) चाल मंदावणे.
५) हालचाल कमी होणे.

यांपैकी तीन किंवा अधिक खुणा असल्या तर ती फ्रेल्टी. एक-दोन असल्या तर ती धोक्याची घंटा. अशी माणसे लवकर पडतात आणि साध्या आजारानेही अंथरुणाला खिळतात.

हे एक दुष्टचक्र आहे. जेवण कमी झाले की स्नायू झिजतात. स्नायू झिजले की हिंडणे-फिरणे कमी होते. हिंडणे कमी झाले की भूक मरते, आणि जेवण आणखी कमी होते.

आपल्या देशातील चित्र

मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. 'लासी' या नावाने ती ओळखली जाते. कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन वजन, उंची, हाताची पकड आणि चालण्याचा वेग मोजला. साठीच्या पुढच्या लोकांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांचे वजन प्रमाणापेक्षा कमी आढळले.

ताटाचा हिशेब

स्नायूंना प्रथिने लागतात. वृद्धांना दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे या विषयाचे अनेक तज्ज्ञ सांगतात. म्हणजे ५० किलोच्या आजीला ५० ते ६० ग्रॅम.

आता हिशेब करू. दोन भाकरींत सुमारे १० ग्रॅम, दोन वाट्या वरणात सुमारे १२ ग्रॅम आणि चहातल्या दुधाचे दोन-तीन ग्रॅम. बेरीज पंचविसाच्या आसपास, म्हणजे गरजेच्या निम्मी! त्यात वरण पातळ असले, किंवा दात नाहीत म्हणून आजीने भाकर चहात बुडवून भागवले, तर तेवढीही नाही. एकादशीचा साबुदाणा तर जवळजवळ सगळा पिष्टमय. त्या दिवशी सोबत दही-दूध हवेच.

भर घालायला महागडे डबे लागत नाहीत. पेलाभर दुधात ६-७ ग्रॅम, एका अंड्यात ६ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅम प्रथिने असतात. दात नसतील तर दाण्याचे कूट, घट्ट वरण, मऊ झुणका, दही द्यावे. एका वेळी जास्त जात नसेल तर थोडे थोडे चार वेळा द्यावे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

नुसते खाणे पुरेसे नाही

बोस्टनच्या डॉ. मारिया फियातारोन यांनी १९९४ साली वृद्धाश्रमातील १०० जणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांचे सरासरी वय होते ८७! काहींना दहा आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला, काहींना फक्त पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, तर काहींना दोन्हीही नाही. व्यायाम केलेल्यांच्या स्नायूंची ताकद दुपटीहून अधिक वाढली. नुसते पेय घेणाऱ्यांचा अशक्तपणा मात्र कमी झाला नाही. म्हणजे विटा आणल्या तरी गवंडी नसेल तर भिंत उभी राहत नाही.

घरी हे सोपे आहे. भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. हात न टेकता पाच वेळा उठून बसायला सांगावे आणि शेजारी कोणीतरी उभे राहावे. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर पायांची ताकद कमी झाली आहे असे समजावे. हाच पुढे रोजचा व्यायामही होतो.

एक गोष्ट विसरू नका. वजन झपाट्याने घटत असेल तर त्यामागे क्षय, मधुमेह, दातांचे दुखणे किंवा मनाची उदासीही असू शकते. अशा वेळी आधी दवाखाना.

मुलांनो, या आठवड्यात एवढेच करा. आजी-आजोबांचे वजन वहीत लिहून ठेवा आणि दर महिन्याला पुन्हा घ्या. रोज संध्याकाळी त्यांच्यासोबत गल्लीच्या टोकापर्यंत चालून या. आणि रात्री त्यांच्या शेजारी बसून जेवा. एकट्याने जेवताना दोन घास कमीच जातात.