कॉलेजचं समुपदेशन गोपनीय असतं, पण तुमच्या फोनचं काय?

कॉलेजात किंवा विद्यापीठात नवीन नोकरी लागली की सुरुवातीला एचआरकडून मेलचा पाऊस पडतो. काही संस्थांत त्यातला एक मेल असतो: ‘कर्मचाऱ्यांसाठी मोफत व गोपनीय समुपदेशन सेवा’. बरेच जण तो वाचतात आणि सोडून देतात. कारण डोक्यात एकच प्रश्न असतो: हे विभागप्रमुखांना कळलं तर?

मी पनवेलजवळ कोनला राहतो. इथून एक रस्ता रसायनीकडे जातो, भाताणला ॲमिटी विद्यापीठ आहे, कामोठ्याला एमजीएमचं अभिमत विद्यापीठ. या पट्ट्यात शिकवणारे, लॅब सांभाळणारे, लायब्ररीत आणि ऑफिसात बसणारे लोक राहतात. राज्यभरातल्या कॉलेजांत बरेच जण तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर शिकवतात. पुढच्या वर्षी बोलावतील की नाही, याची खात्री नाही. अशा माणसाला ‘झोप लागत नाही, आता सहन होत नाही’ हे कुणाला सांगायचं म्हटलं की आधी नोकरी आठवते.

ही भीती अगदीच खोटी नाही. पण ती चुकीच्या ठिकाणी आहे. सहसा समुपदेशक तोंड उघडत नाही. माहिती फुटते ती तुमच्या अकाउंटमधून, वाय-फायमधून आणि पेमेंटमधून. आणि तिथे तुम्हाला बरंच काही करता येतं. (खालचं सगळं कुठल्या एका संस्थेबद्दल नाही, सगळीकडे लागू पडेल असं आहे.)

कायदा काय म्हणतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ पासून. त्याच्या कलम २३ मध्ये मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. कलम २४ सांगतं की डिजिटल स्वरूपात साठवलेल्या माहितीलाही हाच हक्क लागू आहे. अपवाद आहेत: कुणाच्या जिवाला धोका असेल, हिंसा टाळायची असेल, कोर्टाचा किंवा संबंधित मंडळाचा आदेश असेल, उपचारासाठी दुसऱ्या तज्ज्ञाला सांगावं लागलं तर, अशा प्रसंगी आवश्यक तेवढीच माहिती देता येते. ‘साहेबांना जाणून घ्यायचंय’ हा अपवाद त्यात नाही.

एक बारकावा लक्षात ठेवा. कायद्याची भाषा ‘मानसिक आजार असलेल्या व्यक्ती’ची आहे. नुसता कामाचा ताण किंवा घरातलं भांडण घेऊन तुम्ही बोलायला गेलात, तर मुख्य आधार असतो समुपदेशकाच्या व्यावसायिक आचारसंहितेचा आणि त्या सेवेच्या लेखी गोपनीयता धोरणाचा. म्हणून ते धोरण वाचायचंच.

बोलणं वेगळं, मेटाडेटा वेगळा

तुम्ही काय बोललात ही झाली आतली गोष्ट. कुणाला, कधी, किती वेळ फोन केला हा झाला मेटाडेटा. दवाखान्याचं दार बंद असलं तरी बाहेर लावलेली तुमची गाडी येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतेच, तसं. ही ‘गाडी’ कुठे कुठे दिसते ते बघू.

१. कॉलेजचा ईमेल. ते अकाउंट तुमच्या नावाचं असलं तरी मालकी संस्थेची असते. ॲडमिन त्याचा पासवर्ड बदलू शकतो, गरज पडली तर मेल शोधूही शकतो. त्यात कॅलेंडरमध्ये ‘समुपदेशन, दुपारी ३’ अशी नोंद पडली आणि कॅलेंडर विभागात शेअर केलेलं असलं, तर वेगळं सांगायलाच नको. अपॉइंटमेंट नेहमी स्वतःच्या ईमेलवर घ्या.

२. कॅम्पसचं वाय-फाय. लॉगिन एम्प्लॉयी आयडीने असतं. एचटीटीपीएसमुळे पानावरचा मजकूर दिसत नाही, पण तुम्ही कुठली साइट उघडली तिचं नाव बहुतेक वेळा नेटवर्क चालवणाऱ्याला दिसू शकतं. इन्कॉग्निटो लावून उपयोग नाही. तो फक्त तुमच्या डिव्हाइसवर हिस्टरी ठेवत नाही, वाय-फायपासून काही लपवत नाही. मोबाइल डेटा वापरा, विषय संपला.

३. स्टाफरूमचा पीसी. याकडे कुणाचंच लक्ष नसतं. त्या पीसीवरच्या क्रोममध्ये तुमचं पर्सनल गूगल अकाउंट सुरू असेल आणि सिंक चालू असेल, तर रात्री घरी फोनवर जे शोधलं ते सकाळी तिथे हिस्टरीत हजर. ॲड्रेस बारमध्ये कुणी दोन अक्षरं टाइप केली तरी सुचवणीत येऊ शकतं. आजच गूगल अकाउंटच्या ‘सिक्युरिटी’मध्ये ‘युअर डिव्हायसेस’ उघडा आणि नको ती डिव्हाइस साइन आउट करा.

४. संस्थेने दिलेला फोन. तो पूर्णपणे त्यांच्या नियंत्रणात असू शकतो, म्हणून त्यावर हा विषय काढूच नका. स्वतःच्या अँड्रॉइडवर कामासाठी वर्क प्रोफाइल असेल तर संस्थेचं नियंत्रण त्या प्रोफाइलपुरतं असतं. तुमच्या बाजूचे ॲप आणि मेसेज त्यांना दिसत नाहीत.

५. पैसे. यूपीआयने फी भरली की बँक स्टेटमेंटवर क्लिनिकचं नाव येतं. हे एचआरला दिसत नाही, पण घरात जॉइंट अकाउंट असेल तर तिथे दिसतं. वैद्यकीय प्रतिपूर्तीचं बिल ऑफिसात दिलं, तर ते ज्या टेबलांवरून जातं तिथे तुमचं निदानही जातं. रक्कम छोटी असेल तर क्लेम करायचा की नाही, हे आधी ठरवा.

६. तुमचा स्वतःचा फोन. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर लपवा. काही फोनमध्ये सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड करायची सेटिंग असते, ती बघा. नाहीतर तुमचं सगळं बोलणं फाइल बनून फोनमध्ये पडून राहतं.

‘आम्ही फक्त आकडे देतो’

बाहेरच्या कंपनीकडून सेवा घेतली असेल तर ती संस्थेला नावं न देता एकत्रित आकडे देते. ऐकायला बरं वाटतं. पण समजा अहवालात लिहिलं की ‘एका विभागातून १ महिला, वय ५० च्या पुढे’, आणि त्या विभागात ६ जण आहेत, त्यात पन्नाशीच्या पुढच्या मॅडम एकच. मग नाव लिहायची गरज उरली का? डेटाच्या क्षेत्रात याला छोट्या गटाची अडचण म्हणतात. उपाय असा की ठरावीक संख्येपेक्षा लहान गटाचा आकडा दाखवायचाच नाही, किंवा विभाग एकत्र करून दाखवायचे. तुमच्याकडे अशी सेवा असेल तर ‘सगळ्यात लहान गट किती जणांचा दाखवता?’ हे विचारा. नीट उत्तर मिळालं तर सेवा विचार करून बनवली आहे.

ॲप डाउनलोड करताना

मोफत चाचणी, दोन मिनिटांत मूड स्कोअर वगैरे देणारे बरेच ॲप आहेत. अमेरिकेतल्या बेटरहेल्प या मोठ्या ऑनलाइन समुपदेशन कंपनीवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने मार्च २०२३ मध्ये आरोप ठेवला, की माहिती खासगी ठेवू असं सांगून कंपनीने लोकांचे ईमेल आणि प्रश्नावलीतली माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट यांच्याकडे पाठवली. कंपनीने ७८ लाख डॉलर देण्याचं मान्य केलं. समुपदेशक गप्पच होते, बोललं ते ॲप. म्हणून प्ले स्टोअरवर ‘डेटा सेफ्टी’ हा भाग बघा. तिथे आरोग्याची माहिती इतरांशी शेअर होते असं दिसलं, तर पुढे जाऊ नका.

संस्थेला मध्ये न आणता कुठे बोलता येईल?

• टेलिमानस, १४४१६. केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं.
• मनोदर्पण, ८४४८४४०६३२. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचा उपक्रम, २१ जुलै २०२० पासून. विद्यार्थ्यांसोबत शिक्षक आणि कुटुंबीयांसाठीही आहे, हे बऱ्याच शिक्षकांना माहीत नसतं.
• आयकॉल, ९१५२९८७८२१. देवनारच्या टाटा समाज विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये सुरू केलेली सेवा. म्हणजे एका विद्यापीठानेच चालवलेली, पण सगळ्यांसाठी खुली. फोनवर बोलता येतं, ईमेलही करता येतो. वेळा त्यांच्या साइटवर बघून घ्या.

कोनमध्ये गिरणी कामगारांच्या सोडतीतली छोटी घरं आहेत. अशा घरात बोलायला कोपरा कुठून आणायचा? व्हिडिओ कॉलचा हट्ट नको. इअरफोन लावून, जेवणानंतर फेरी मारताना साधा कॉल करा. बोलणं शक्यच नसेल तर ईमेल.

पहिल्या पाच मिनिटांत हे विचारा

• माझं नाव संस्थेला कळतं का?
• कॉल रेकॉर्ड होतो का? नोंदी कुठे आणि किती दिवस राहतात?
• कुठल्या परिस्थितीत तुम्ही माझी माहिती दुसऱ्याला सांगाल?
• मी नाव न सांगता बोललो तर चालेल का?

हे विचारणं उद्धटपणा नाही. चांगला समुपदेशक बऱ्याचदा हे स्वतःहूनच सांगतो. उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरी सेवा बघा.

आणि जीव द्यावासा वाटत असेल, तुम्हाला किंवा तुमच्या कुणाला, तर वरच्या सेटिंग सगळ्या नंतर. जो फोन हातात असेल, जे वाय-फाय असेल, त्यावरून १४४१६ किंवा ११२ लावा. हिस्टरी नंतरही पुसता येते.

घरी आई-बाबा, काका, ताई कुणी कॉलेजात नोकरीला असेल तर आज त्यांच्या फोनवर फक्त दोन गोष्टी करून द्या: स्टाफरूमच्या पीसीवरून साइन आउट, आणि लॉक स्क्रीनवरचे मेसेज बंद. का करतोय हे सांगायची गरज नाही. पण १४४१६ हा नंबर सेव्ह करून ठेवा.