भार एका घराचा नव्हे

‘चालताबोलता मरण यावे, कोणाच्या हाताखाली पडून राहण्याची वेळ येऊ नये,’ ही आपल्याकडील वृद्धांची नित्याची प्रार्थना. तिच्यात मृत्यूचे भय फारसे नाही. भय आहे ते परावलंबनाचे. ज्या भाषेत निरुपयोगी ठरलेल्या माणसाला ‘खायला काळ आणि भुईला भार’ म्हटले जाते, त्या भाषेत वाढलेला माणूस असाध्य रोगाने खाटेला खिळला, की ती म्हण तो स्वतःलाच लावू लागतो. रोगाच्या वेदनेवर औषध तरी असते. ‘माझ्यापायी सगळ्यांचे हाल होताहेत’ या वेदनेची नोंद मात्र कोणत्याही केसपेपरवर होत नाही.

ही वेदना निव्वळ मनाचा दुबळेपणा आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. कळव्यासारख्या उपनगरात पाहावे. पारसिकच्या डोंगरापासून खाडीपर्यंत पसरलेल्या या वस्तीत एक खोली व स्वयंपाकघर एवढ्यात संसार करणारी कुटुंबे असंख्य आहेत. जिथे रुग्णाची खाट, तिथेच मुलांचा अभ्यास आणि रात्री सर्वांची अंथरुणे. ठाणे महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय कळव्यातच आहे. पण कर्करोगाच्या उपचारांसाठी अनेकांना परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची वाट धरावी लागते. जलद गाड्या कळव्याला थांबत नाहीत. दिव्यांगांच्या डब्यात कर्करुग्णांना मुभा असली, तरी गर्दीत फलाटावरून डब्यात चढविण्यासाठी माणूस सोबत हवाच. म्हणजे प्रत्येक फेरीला मुलाची एक रजा, आणि तो रोजंदारीवर असेल तर एका दिवसाची मजुरी. अंथरुणावरचा रुग्ण हा हिशेब रात्रंदिवस करीत असतो. मग तो दुखणे लपवतो, रात्री तहान लागली तरी कोणाला उठवीत नाही, महागड्या औषधाची चिठ्ठी उशाखाली सारतो.

अशा वेळी घरची माणसे प्रेमाने म्हणतात, ‘असे अभद्र बोलू नका.’ हेतू चांगला असतो; पण त्या वाक्याने संवाद मात्र संपतो. रुग्णाचा हिशेब खोटा नसतो. चुकीचा असतो तो त्याने काढलेला निष्कर्ष. रोगाचा भार आणि रोगी माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला जड आहे हे मोकळेपणाने मान्य केले, तरच दुसरा नकोसा झालेला नाही हे त्याला पटण्याची शक्यता असते.

शुश्रूषेची ४२ वर्षे

परळच्याच के. ई. एम. रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर १९७३ साली अमानुष हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत, सुमारे ४२ वर्षे, त्यांची शुश्रूषा तेथील परिचारिकांनी केली. त्यांच्या दयामरणासाठीची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा रुग्णालयातील कर्मचाऱ्यांनी तिला विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ती फेटाळली. अरुणाताईंना स्वतःला काय हवे होते, हे कोणालाच कळणे शक्य नव्हते, आणि ते दुःख उरतेच. तथापि, एका कुटुंबाचा कणा मोडील असा भार अनेक हातांनी आणि पाळीपाळीने उचलला, तर तो चार दशके पेलता येतो, एवढे या घटनेने निर्विवादपणे दाखविले.

पुढे ९ मार्च २०१८ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, आणि उपचारांबाबतची इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याची मुभा दिली. २०२३ साली त्यातील जाचक अटीही सैल झाल्या. हे स्वागतार्हच आहे. परंतु निष्फळ यंत्रोपचार नाकारणे वेगळे आणि मुलाची नोकरी वाचावी म्हणून औषध नाकारणे वेगळे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात १९९७ पासून असाध्य रुग्णांना जीवन संपविण्यासाठी कायदेशीर साहाय्य मिळते. तेथील अहवालांत, असह्य वेदना वा तिची धास्ती हे कारण देणाऱ्यांपेक्षा आपण कुटुंबावर भार होऊ असे सांगणारे अधिक आढळतात. सधन देशात ही स्थिती, तर एका खोलीच्या घरात केलेल्या निवडीला ‘स्वेच्छा’ म्हणताना जीभ अडखळली पाहिजे.

मदतीचे हात

उपाय अज्ञात नाहीत. वांद्र्याला १९८६ साली डॉ. लुईस डिसूझा यांनी ‘शांती आवेदना सदन’ सुरू केले. बऱ्या न होणाऱ्या कर्करुग्णांची तेथे विनामूल्य सेवा होते. केरळात १९९३ साली कोझिकोडला सुरू झालेल्या कार्यातून शेजारीपाजारी, विद्यार्थी, निवृत्त शिक्षक अशा स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. २००८ साली त्या राज्याने उपशामक सेवेचे धोरणच स्वीकारले. वेदना शमविणारे औषध, जखम धुणारी परिचारिका आणि तासभर बसून बोलणारा माणूस रुग्णाच्या दारी पोहोचावा, हे त्याचे सूत्र. आपल्याकडील आरोग्य योजना शस्त्रक्रियेचे पैसे देतात. घरी कूस बदलून देणाऱ्या हातांची तरतूद त्यांत नाही. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपनासाठी ७३० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते, आणि ती योग्यच आहे. मात्र मरणासन्न आईवडिलांच्या सेवेसाठी म्हणून वेगळी रजा बहुतेक नोकऱ्यांत नाही. कळव्यातील प्रत्येक प्रभागात आठवड्यातून दोनदा घरी येणारी परिचारिका ही महापालिकेला न पेलणारी गोष्ट नव्हे.

घरानेही एक पथ्य पाळावे. रुग्णाकडून केवळ घेण्याचे काम करून घेऊ नये; देण्याचेही करून घ्यावे. नातवाचे पाढे ऐकणे, घरातल्या निर्णयांत मत देणे, जुन्या आठवणी सांगणे, हे त्याला शेवटपर्यंत करता येते. ज्याचे काही घेतले जाते, त्याला आपण केवळ भार आहोत असे वाटणे कठीण जाते.

कोणालाही त्रास न देता या जगातून गेलेला माणूस बहुधा नसेलच. येतानाही प्रत्येकाने कोणाला तरी त्रास दिलेलाच असतो. जन्माच्या वेळी त्या त्रासाला आपण कौतुक म्हणतो. मरणाच्या वेळी तोच त्रास सोसताना माणसाला माफी मागावी लागत असेल, तर उणेपण त्या माणसाचे नाही. त्याला आणि त्याच्या घराला एकटे सोडणाऱ्या समाजाचे आहे.