बंद पडलेली भट्टी आणि शेताचे नाव

मळीपासून अल्कोहोल कसे होते ते आपणांस ठाऊक आहेच. आज सातूपासून होणाऱ्या स्कॉटलंडच्या सिंगल माल्ट व्हिस्कीविषयी लिहितो. पिण्याचा प्रचार हा हेतू नाही, मुद्दा शेतकऱ्याचा आहे.

आयला बेटावरची ब्रुकलॅडी डिस्टिलरी १८८१ सालची. १९९४ साली ती बंद पडली. २००१ साली नव्या मालकांनी जुनीच यंत्रे दुरुस्त करून भट्टी पेटवली. पण सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीतला, निव्वळ मोड आणलेल्या सातूचा माल. तो ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे ठेवल्याशिवाय व्हिस्की म्हणून विकता येत नाही. तोवर खरेदीबरोबर आलेला जुना साठा विकून त्यांनी दिवस काढले.

चव पाहण्याची रीत अशी: आधी वास घ्यायचा, मग लहान घोट जिभेवर फिरवायचा, नंतर दोन थेंब पाणी घालून पुन्हा पाहायचे. ब्रुकलॅडीला फळांचा व धान्याचा वास येतो. तिथल्याच पोर्ट शार्लटला धुराचा, कारण तिचा सातू दलदलीतल्या पीट या जळणाच्या धुरावर सुकवतात.

आपल्याकडे उंच स्तंभांत अल्कोहोल इतके शुद्ध होते की उसाची ओळख उरत नाही. तिकडे तांब्याच्या भांड्यात गाळल्याने धान्याचा गुण थोडा टिकतो. म्हणूनच २००४ पासून त्यांनी बेटावरच सातू पिकवून घेतला आणि काही बाटल्यांवर शेताचे नाव छापले.

कोल्हापुरी गुळाला मुलखाचे नाव आहे. तिथे ते शेतापर्यंत गेले. आपणही विचार करावा.

– ऊस विकास अधिकारी