साबणात कॉस्टिक किती घालायचं? अंदाज नको, हिशोब करा

साबणाचा धंदा सुरू करताय? मग साचे आणि सुगंध नंतर घ्या, आधी एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा वजनकाटा घ्या.

परवा एका ताईंचा फोन आला. खोबरेल महाग पडतं म्हणून त्यांनी शेंगदाणा तेल वापरलं, पण कॉस्टिक सोडा मात्र खोबरेलच्याच मापानं घातला. साबण दिसायला छान, पण हाताला चुरचुरतोय. चूक कुठे झाली बघा.

तेलाचा एक रेणू कॉस्टिकच्या तीन रेणूंशी अभिक्रिया करतो आणि साबणाचे तीन व ग्लिसरीनचा एक रेणू तयार होतो. खोबरेलात लॉरिक आम्ल सगळ्यात जास्त, म्हणून त्याचंच तेल धरू. त्याचा रेणुभार ६३८. कॉस्टिकचा ४०, तिप्पट १२०. म्हणजे ६३८ ग्रॅम तेलाला १२० ग्रॅम कॉस्टिक. त्यातून ६६६ ग्रॅम साबण आणि ९२ ग्रॅम ग्लिसरीन. बेरीज करून बघा, दोन्ही बाजूंना ७५८. काही हरवत नाही, काही फुकट मिळत नाही.

खरं खोबरेल हे मिश्रण असतं, म्हणून प्रत्यक्षात एका किलोला साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक लागतं. शेंगदाणा तेलाचे रेणू जड. एका किलोत ते संख्येनं कमी बसतात, म्हणून तिथे साधारण १३७ ग्रॅमच पुरतं. ताईंनी किलोला १७४ ग्रॅम घातलं होतं. म्हणजे ३७ ग्रॅम कॉस्टिक साबणात तसंच उरलं! ते त्वचेला भाजतं. असा साबण गिऱ्हाइकाला सोडाच, शेजारणीलाही देऊ नका.

आता म्हणाल, खोबरेलला १८३ हवं तर ताईंनी १७४ का घातलं? ते बरोबरच होतं. पाच टक्के कमी घालायचं, म्हणजे थोडं तेल शिल्लक राहतं आणि साबण मऊ लागतो. आणखी एक. पिशवीवर शुद्धता ९७ टक्के असेल तर १७४ ला ०.९७ नं भागा, १७९ ग्रॅम घ्या.

तेलवाल्याच्या तपासणी अहवालात २५७ असा आकडा दिसला तर घाबरू नका. तो पोटॅशचा आहे, एका ग्रॅम तेलाला इतके मिलिग्रॅम. ४० नं गुणा, ५६ नं भागा, कॉस्टिकचा आकडा मिळतो. हे न करता तोच आकडा वापरणारे मी पाहिलेत, हात भाजून घेतलेले.

आणि हो, कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही. चष्मा, हातमोजे घालाच. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं चालणार नाही, स्टीलचं घ्या.

ताईंचा घाणा वाचवता येईल का? १७४ ला ०.१३० नं भागलं की एकूण तेल येतं १३३८ ग्रॅम. म्हणजे किलोमागे आणखी सुमारे ३४० ग्रॅम तेल घालून, साबण किसून, मंद आचेवर पुन्हा शिजवायचा. त्या आज संध्याकाळी करणार आहेत.