लाल झालेला शब्द

पनवेल तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरीचा वाचनाचा तास. टॅब एकच, म्हणून पाळी लावलेली. त्यावर ‘रीड अलाँग’ उघडलंय. गूगलने २०१९ मध्ये हे ॲप भारतात ‘बोलो’ नावाने आणलं, तेव्हा त्यात हिंदी आणि इंग्रजीच होती. मराठी मागाहून आली. मूल मोठ्याने वाचतं, ॲप ऐकतं. शब्द चुकला की लाल होतो. त्यावर बोट ठेवलं की ॲपमधली ‘दिया’ तो उच्चारून दाखवते.

पहिली मुलगी आगरी घरातली. ‘गाडी’ला ‘गारी’ म्हणाली. शब्द लाल. बाईंनी दियाला बोलूच दिलं नाही.

“शेवटचं अक्षर कुठलं गं?”

“डला दुसरी वेलांटी, डी.”

म्हणजे अक्षर पक्कं आहे. घरी गाडीला गारी, घोड्याला घोरा म्हणतात, एवढंच. “घरी गारी, पुस्तकात गाडी. आता पुस्तकातलं वाच,” म्हणत बाई पुढे गेल्या. वहीत नोंद नाही.

पुढच्या मुलाने ‘बाजरी’ला ‘बाजार’ वाचलं. पुन्हा लाल. दियाचं ऐकून त्याने ‘बाजरी’ म्हटलं आणि गोष्ट पुढे सरकली. बाईंनी मात्र त्याला थांबवलं. ऐकून म्हटलं, पण वाचलं कुठे? फळ्यावर बाजार, बाजरी, बाजारात, बाजरीची असे शब्द एकाखाली एक लिहून त्याला प्रत्येक अक्षरावर बोट ठेवायला लावलं. सुरुवात बघून तो उरलेला शब्द अंदाजाने ठोकून देत होता. वहीत नोंद झाली : ‘शेवट बघत नाही.’

तेवढ्यात पत्र्यावर पावसाची सर कोसळली. तिसरी मुलगी बरोबर वाचत होती, तरी शब्द लाल होत राहिले. तिने आवाज चढवला आणि मग बरोबर शब्दच बदलून बघायला लागली. बाईंनी टॅब पालथा घालून तिच्या हातात पुस्तक दिलं.

तिन्ही वेळा रंग लालच, कारणं मात्र तीन. सरकारी चाचण्यांचे गुण शिक्षक चॅटबॉटवर भरतात, त्यातूनही मूल कुठे आहे ते दिसतं; का अडलंय ते त्याच्याशी बोलल्यावरच कळतं. पण टॅब नको, असं बाई म्हणत नाहीत. एक मूल त्याच्यासमोर न लाजता वाचत बसतं, तेवढ्या वेळात त्यांना इतरांकडे बघता येतं.

बाजरीवाला मुलगा उद्या टॅबवर नाही, फळ्यापाशी बसणार आहे.