पिस्तुलाचे प्रकाशीय नेमदर्शक
पिस्तुलाचे प्रकाशीय नेमदर्शक : नेम धरण्यासाठी पिस्तुलावर बसविण्यात येणारे भिंगयुक्त साधन. साध्या पिस्तुलात मागील खाच व पुढील माशी लक्ष्याशी एका रेषेत आणावी लागतात. नळी आखूड असल्याने या दोहोंतील अंतर कमी असते व लहानशी चूकही मोठी होते. हे अंतर १०० मिमी. असल्यास माशीच्या १ मिमी. विचलनाने २५ मी.वरील नेम २५० मिमी.ने चुकतो. शिवाय खाच, माशी व लक्ष्य ही तिन्ही डोळ्याला एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत.

लाल बिंदूच्या दर्शकात डायोडचा प्रकाश लेपयुक्त भिंगावरून परावर्तित होऊन बिंदू दूरवर असल्यासारखा भासतो. त्यामुळे हे दोन्ही दोष बव्हंशी टळतात. चाप ओढताना हात हलल्याने होणारी चूक मात्र टळत नाही. दर्शक पिस्तुलाच्या सरकत्या भागावर बसविल्यास त्याला प्रत्येक बाराचा धक्का सोसावा लागतो.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी क्रीडा महासंघाच्या पिस्तूल स्पर्धांत असे दर्शक निषिद्ध आहेत. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत २५ मी. पिस्तूल प्रकारात मिळविलेले सुवर्णपदक खाच व माशी यांच्याच साहाय्याने मिळविलेले होते. या स्पर्धांत नेमबाजीचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत.