गोचीड चावली, म्हणजे आजार होणारच का?

पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत 1975 नंतर पाणलोटाची कामं झाली. पाणी अडलं, चारा वाढला आणि दूधधंदाही वाढला. संकरित गाई दूध जास्त देतात, पण गोचीडतापाला देशी गाईंपेक्षा लवकर बळी पडतात. म्हणून गोठ्यात गोचीड दिसली की पहिला प्रश्न येतो, हिच्या पोटात रोगजंतू असतील का?

याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. गोचीडतापाचा एक परजीवी म्हणजे थायलेरिया. अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं गोचिडीचं पिल्लू त्याच्या बाबतीत कोरं असतं. बाधित जनावराचं रक्त प्यायल्यावर परजीवी त्याच्यात शिरतो, आणि कात टाकून मोठी झालेली तीच गोचीड तो पुढच्या गाईला देते. वरून ठणठणीत दिसणारी, आजारातून उठलेली गायही हा साठा बाळगून असते. बबेसियाचं वेगळंच. तो मादीकडून थेट अंड्यांत उतरतो, म्हणजे पिल्लं जन्मतःच बाधित असू शकतात. गाईचा जीव घेणारा थायलेरिया माणसाला मात्र होत नाही.

माणसासाठी महाराष्ट्रात खरी धास्ती आहे ती माकडतापाची. 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, माणसं तापाने फणफणली आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची एनआयव्ही) विषाणू शोधून काढला. 2016 मध्ये हा आजार सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोहोचला. डिसेंबर ते मे हा त्याचा हंगाम, आणि काजू वेचायला रानात जायचे दिवसही नेमके तेच. नगरच्या कोरडवाहू माळरानावर हा आजार आढळत नाही.

‘गोचिडीत विषाणू सापडला’ अशी बातमी व्हायरल होते तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवायची. प्रयोगशाळेत गोचिडी बहुतेकदा एकेक न तपासता गटाने वाटून तपासतात. समजा, पन्नासच्या गटात विषाणू मिळाला, तर त्याचा अर्थ किमान एक गोचीड बाधित होती, एवढाच. पन्नासही बाधित होत्या असा नाही.

बाहेरच्या देशांतही हाच विषमपणा आहे. अमेरिकेच्या ईशान्य भागात काही ठिकाणी निम्म्या प्रौढ गोचिडींमध्ये लाइम आजाराचा जीवाणू असतो, तर युरोपात गोचिडीतून पसरणाऱ्या मेंदूज्वराचा विषाणू बऱ्याच ठिकाणी शंभरात एकीतही मिळत नाही. शिवाय लाइमचा जीवाणू अंगात शिरायला साधारण दिवसभर तरी गोचीड चिकटलेली असावी लागते. विषाणूंना इतका वेळ लागत नाही.

त्यामुळे गोचीड दिसली की लगेच काढा. चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, काडेपेटी असले घरगुती उपाय नकोत. बोटांनी चिरडूही नका, कारण काँगो तापाचा विषाणू बाधित गोचीड चिरडतानाही अंगात शिरू शकतो. नंतर काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा.